पानपिंपरीचा चटका

पानपिंपरी जिभेवर ठेवली की लगेच काही होत नाही. आधी तिचा खडबडीतपणा जाणवतो, मग एक मातकट, किंचित गोडसर चव उतरते, आणि आपण बेसावधपणे ती दाताखाली घेतो न घेतो तोच जिभेच्या मुळाकडून ऊब चढायला लागते. मिरची अंगावर धावून येते. ही सावकाश येते, पसरते, टाळूला भिडते, तोंडाला पाणी सुटतं, डोळ्यांच्या कडा ओलावतात, आणि सगळं ओसरत आलं की जिभेचं टोक तेवढं बधिर राहतं. किती वर्षं उलटली, तरी तो चटका नुसता आठवला तरी आज तोंड ओलं होतं. आणि चटक्यामागून, पावलं न वाजवता, अंजनगाव येतं.

इतिहासाच्या पुस्तकात अंजनगाव सुर्जी येतं ते तहाच्या निमित्तानं. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथं तह झाला, तेव्हा वर डोंगरात गाविलगड पडल्याला पंधरवडा लोटला होता. शाळेत असताना गावाचं नाव धड्यात छापलेलं पाहून छाती फुलायची खरी, पण माझ्या मनातलं अंजनगाव त्या तहाचं कधीच नव्हतं. ते शहानूरच्या काठचं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ असलेलं, मळ्यांचं गाव. बारी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या हातांवर वाढवलेली नागवेल, आणि तिच्याच गोतातली, तिच्यासारखीच हृदयाच्या आकाराची पानं असलेली ही पिंपरी.

मळ्यात शिरणं म्हणजे ऋतू बदलणं. बाहेर वऱ्हाडातला मे महिना असायचा, पारा 45 च्या पुढं सहज जाणारा आणि एखाद्या वर्षी 47 लाही टेकणारा. बांधावरची माती पायाला पोळायची, वाऱ्याला जळका वास असायचा. आणि शेवरी-हादग्याच्या दाट रांगांमधून वाकून आत गेलं की एकदम ओल. उजेड हिरवा व्हायचा. सरीतून नुकतंच पाणी फिरलेलं असायचं, त्या भिजल्या मातीचा, सडत्या पानांचा आणि वेलीच्या अंगच्या तिखट गंधाचा मिळून एक वास असायचा, जो मला पुढं कुठल्याच बागेत भेटला नाही. मळा सांभाळणारे आमचे आबाजी त्या उजेडात हलक्या आवाजात बोलायचे. तिथं मोठ्यानं बोलावंसं कुणालाच वाटत नसे.

तोडणी झाली की मग तो गंध घरी यायचा. हिरवी फळं उन्हात वाळायची, काळपट करडी व्हायची, आणि पोत्यांत भरून सपरीच्या कोपऱ्यात रचली जायची. त्या पोत्यांना पाठ लावून मी कितीतरी दुपारी झोपले असेन. केसांना वास लागायचा. शाळेत शेजारी बसणारी मैत्रीण म्हणायची, तुझ्याजवळ बसलं की नाक मोकळं होतं.

पण तो चटका माझ्या आत कायमचा मुक्कामाला आला तो तापात. लहानपणी मला ताप फार चढायचा. अंग फणफणलेलं, छतावरची मयाल जवळ येतेय, लांब जातेय असं वाटणारं, घशात खवखव, आणि उशाशी आजी. तिच्या तळहातावर मधात कालवलेली पिंपरीची चिमूटभर पूड. बोटानं ती जिभेवर लावायची आणि म्हणायची, “घे माय. लगीच गिळू नोको. लागन जराकसं, मंग बरं वाटन.” मी रडायचे, पाणी मागायचे. ती पाणी द्यायची नाही. हात मात्र कपाळावरून काढायची नाही. आधीच तापलेल्या तोंडात ती आणखी एक उष्णता पसरत जायची आणि त्या दोन उष्णतांच्या मध्ये कुठंतरी मला झोप लागायची.

पुढं जीवशास्त्र शिकले, शिकवत राहिले. तापातल्या त्या अंगाच्या आत तेव्हा काय काय चाललं असेल, हे हळूहळू वाचनातून कळत गेलं, आणि कळत गेलं तसं ते दृश्य मला अधिकच जवळचं होत गेलं.

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात डीएनए जपून ठेवलेला. केंद्रकाभोवती दुहेरी आवरण, आणि त्या आवरणात हजारोंच्या संख्येनं सूक्ष्म छिद्रं. 1950 मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांना ती उभयचरांच्या अंडपेशींत पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसली. नुसती भोकं म्हणून ती सोडून देण्यासारखी नाहीत. एकेक छिद्र सुमारे 30 प्रकारच्या प्रथिनांनी विणलेलं, आणि त्याच्या पोकळीत मोकळ्या, लवचिक धाग्यांचं जाळं. लहान रेणू त्या जाळ्यातून आपोआप निसटून जातात. मोठ्या प्रथिनांना मात्र सोबत लागते. आत नेणारी वाहक प्रथिनं म्हणजे इम्पोर्टिन, बाहेर आणणारी एक्स्पोर्टिन. आत जाण्याचा हक्क ज्याला आहे त्या प्रथिनाच्या अंगावर तशी खूण असते, इम्पोर्टिन ती खूण ओळखतं, हात देतं, पार नेतं, आत सोडतं आणि पुढच्या फेरीसाठी परत येतं. कुठलं जनुक कधी जागं व्हायचं, कुठलं निजून राहायचं, हे शेवटी आत कोण पोचलं आणि कोण बाहेर राहिलं यावर अवलंबून असतं. अखंड, रात्रंदिवस, केंद्रक असलेल्या आपल्या प्रत्येक पेशीत ही ये-जा चालू आहे. आता, हे वाचतानाही.

आणि मग ताण येतो. उष्णता, उपास, ऑक्सिजनच्या बेफाम रेणूंचा मारा, काहीही. प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी 43 अंशांवर थोडा वेळ ठेवल्या की दिसतं ते असं. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला रॅन नावाच्या एका छोट्या प्रथिनाचं रूप वेगवेगळं राखलेलं असतं आणि त्या फरकाच्या बळावर सगळी वाहतूक चालते. ताणात तो फरक पुसट होतो. इम्पोर्टिन आत अडकून पडतं, परत बाहेर येत नाही, आणि नेहमीची आवक थांबते. आतून बाहेर जाणाऱ्या संदेशांचंही तसंच. नेहमीच्या जनुकांचे संदेश मागं राहतात, संकटासाठी लागणाऱ्या प्रथिनांचे तेवढे पुढं जातात. पेशी वाढायचं थांबते, विभागायचं थांबते. गप्प होते.

वऱ्हाडातलं घर मेमधल्या दुपारी ज्यानं पाहिलंय, त्याला हे वागणं परकं वाटणार नाही. उन्हं वर आली की आमच्या घराची कवाडं लोटली जायची, खिडक्यांना ओले पडदे लागायचे, चूल विझायची, सपरीवरचा राबता बंद व्हायचा, आणि आम्ही सगळे माजघराच्या थंड फरशीवर अंग टाकून, एकमेकांशी न बोलता पडून राहायचो. परक्या माणसाला वाटावं, या घरात कुणी नाही. पण घर जागं असायचं. पाण्याची घागर घेऊन कुणी आलं तर त्याच्यासाठी कवाड हातभर उघडायचं, तो आत आला की पुन्हा लोटायचं. बाकी सगळं येणं-जाणं उन्हं कलेपर्यंत थांबू शकत होतं. पाणी थांबू शकत नव्हतं.

पेशीतही कुणीतरी असं आत जातं, हे मला 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून कळलं आणि तो वाचून मी बराच वेळ खिडकीशी उभी राहिले होते. जपानमध्ये, रिकेन संस्थेत, शिंगो कोसे, माइको फुरुता आणि नाओको इमामोतो यांनी दाखवून दिलं की उष्णतेच्या ताणात इम्पोर्टिनची वाट बंद पडली तरी एक वेगळंच वाहक प्रथिन कामाला लागतं. त्याचं नाव हिकेशी; एडो काळातल्या आग विझवणाऱ्या पथकांवरून ठेवलेलं. ते एचएसपी 70 या प्रथिनाला धरून थेट केंद्रकात नेतं. उष्णतेनं प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ लागतात. एचएसपी 70 त्यांना धरून ठेवतं, पुन्हा घडीवर आणतं. इतकंच करून ते थांबत नाही. संकटाची जनुकं जागी करणारी जी यंत्रणा पेटलेली असते, तिला निवांत करायलाही आत पोचलेलं हेच एचएसपी 70 लागतं. हिकेशी काढून घेतलेल्या पेशी उष्णतेतून नीट सावरत नाहीत. ताप उतरतो, पण आतली धावपळ उतरत नाही.

याहून जिव्हारी लागलं ते नंतरचं. काही मोजक्या कुटुंबांत या हिकेशीच्याच जनुकात दोष असलेली बाळं जन्मली. त्यांच्या मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण नीट तयार होत नव्हतं, आणि साधा ताप आला की ती बाळं झपाट्यानं खालावत. 2016 मध्ये त्यांची नोंद झाली. आपल्यासाठी जो चार दिवसांचा पाहुणा, तो त्या लेकरांसाठी केवढा मोठा होता. आजीचा कपाळावरचा हात मला त्या रात्री पुन्हा पुन्हा जाणवत होता. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकराचा ताप ही साधी गोष्ट नसते एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं.

या सगळ्या संशोधनाची सुरुवातही उष्णतेच्या एका अपघातातून झाली. इटलीत फेरुच्चो रितोस्सा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं, आणि रितोस्सांना गुणसूत्रांवर नेहमीच्या जागा सोडून भलत्याच जागी फुगवटे आलेले दिसले. जिथं जनुक कामाला लागतं तिथं तो फुगवटा येतो. म्हणजे नुसत्या उष्णतेनं निजलेली जनुकं उठून बसली होती. एका नियतकालिकानं हे महत्त्वाचं नाही म्हणून लेख परत केला. 1962 मध्ये तो दुसरीकडे छापून आला. आज जिवाणूंपासून माणसापर्यंत आणि वेलींपासून हत्तीपर्यंत सगळीकडे उष्णतेची ही प्रथिनं सापडलेली आहेत. कुणालाही भाजणं टळलेलं नाही, आणि प्रत्येकाजवळ ते सोसण्याचं काही ना काही आहे.

मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्या आत अडकलेल्या इम्पोर्टिनची. ओसाकाच्या योशिहिरो योनेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ताणाखालच्या पेशींत इम्पोर्टिन अल्फा केंद्रकात साचून राहतं हे दाखवलं. मग 2012 मध्ये पुढची गोष्ट आली. आत राहिलेलं ते प्रथिन नुसतं अडकून पडत नाही. ते डीएनएच्या सान्निध्यात जातं, काही जनुकांचं बोलणं बदलतं, आणि ताण हटलाच नाही तर पेशीनं जगायचं की नाही या निर्णयातही त्याचा हात असतो. आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवत राहिलेलं, स्वतः कधीच कुठं न थांबलेलं ते प्रथिन संकटात पहिल्यांदा मुक्काम करतं, आणि त्या मुक्कामानं आतला मजकूर बदलतो. हे वाचताना आबाजी आठवले.

एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. सरीतलं पाणी आधी एक दिवसाआड झालं, मग त्याहून विरळ, आणि भर मेमध्ये शेवरीची पानं झडून मळ्याच्या छताला भोकं पडली. ऊन वेलीवर उतरलं. पानांच्या कडा आधी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, मग हात लावला की चुरा. जेवढ्या वाफ्याला पाणी पुरेल तेवढा एक वाफा आबाजींनी धरला आणि बाकी मळा सोडून दिला. त्या दिवसांत ते बोलेनासे झाले. जेवायचे, पहाटे जाऊन तो एक वाफा भिजवून यायचे, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायचे. मायला भीती वाटायची. आजी मात्र म्हणायची, “राहू दे त्यायले. पानी येऊ दे, मंग बोलतीन.” माणसाचं मन आणि पेशीचं केंद्रक एका ओळीत बसवायचा मोह मला होतो, आणि मी तो बाजूला ठेवते, माणूस पेशीपेक्षा फार मोठा आणि फार अवघड आहे. पाऊस आला, आबाजी बोलू लागले, मळा त्या एका वाफ्याच्या बेण्यावर पुन्हा लागला, हे खरं. पण ते पूर्वीसारखं बोलत नसत, हेही खरं.

आता त्या चटक्याकडे येते, कारण पिंपरीचं या सगळ्याशी नातं आहे हे मला फार उशिरा उमगलं. तिच्यातला तिखट भाग पायपरीन. जिभेवरच्या मज्जातंतूंत टीआरपीव्ही 1 नावाचं एक द्वार असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते 1997 मध्ये ओळखलं आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं. ते द्वार मिरचीनं उघडतं, पायपरीननं उघडतं, आणि सुमारे 43 अंशांच्या उष्णतेनंही उघडतं. म्हणजे पिंपरी चावल्यावर जिभेला जे कळतं ते भाजणंच. तोंड तापलेलं नसतं, पण मेंदूला निरोप तोच जातो. तापातल्या माझ्या तोंडात दुसरी उष्णता पसरायची असं मी वर म्हटलं, ते मेंदूच्या लेखी शब्दशः खरं होतं तर.

आणि तिच्यात आणखी एक रेणू आहे, पायपरलाँग्युमीन. 1967 मध्ये कलकत्त्यात असीमा चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं त्याची रचना मांडली. याच असीमाबाई भारतीय विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. हा रेणू प्रयोगशाळेतल्या कर्कपेशींवर टाकला की त्यांच्यातला ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. एवढंच असतं तर मी इथं थांबले असते. पण 2015 मध्ये संशोधकांना असं दिसलं की तो केंद्रकातून माल बाहेर नेणाऱ्या सीआरएम 1 या एक्स्पोर्टिनलाच जाऊन अडवतो, आणि पेशीला आवर घालणारी जी प्रथिनं एरवी बाहेर काढून टाकली जातात ती मग केंद्रकातच राहतात. त्याच एक्स्पोर्टिनला अडवणारं सेलिनेक्सॉर नावाचं वेगळं, प्रयोगशाळेत घडवलेलं औषध 2019 मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यही झालं. म्हणजे सपरीतल्या ज्या पोत्यांना टेकून मी झोपायचे, त्यांतल्या प्रत्येक सुकल्या फळात केंद्रकाच्या दाराशी बोलू शकणारं काहीतरी होतं.

इथं माझा आवाज मला जरा खाली आणायला हवा. पिंपरी खाल्ल्यानं कर्करोग बरा होतो असं यातून कुणी समजू नये. बशीतल्या पेशींवर जे घडतं ते माणसाच्या देहात घडेलच असं नसतं, आणि ज्याच्या घरात तो आजार शिरलाय त्याला अशा आशेनं भुलवणं हे पाप आहे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही या फळाला, त्यांच्या पिंपळीला, जपूनच हाताळलं. सुंठ आणि मिऱ्यांसोबत ते त्रिकटूत बसलं. चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ दिवस आणि आठ रात्री अखंड खलून त्याची चौसष्टप्रहरी पिंपळी झाली. पण चरकानं क्षार आणि मिठाच्या जोडीनं पिंपळीचं नाव घेऊन ती अति खाऊ नये असंही सांगून ठेवलं. आजीची चिमूट कधी मोठी झाली नाही. मी मोठी झाल्यावरही नाही. मी म्हणायचे, थोडी जास्त दे, लवकर बरी होईन. ती डबीचं झाकण लावून टाकायची.

थोडा ताण पेशीला शहाणं करतो, असं आता पुष्कळ प्रयोगांतून दिसतं. सोसवेल इतकी उष्णता एकदा लागून गेलेली पेशी पुढची मोठी उष्णता अधिक नीट झेलते. पहिल्या वेळची प्रथिनं काही काळ तिच्याजवळ तयार असतात. पण त्या काही काळाला मर्यादा आहे आणि त्या सोसवेल शब्दालाही. वेलीच्या पेशीतही हीच प्रथिनं आहेत, हीच केंद्रकाची छिद्रं, हीच वाहक प्रथिनं. सावलीतली वेल दुपारभर तग धरते, संध्याकाळी पाणी मिळालं की पानं उचलते. सावली गेली, पाणी गेलं, की तिच्या पेशी त्यांच्याजवळचं सगळं वापरून टाकतात. मग त्यांचं काही चालत नाही.

म्हणून एक सांगायचं आहे. वऱ्हाडातले उन्हाळे पानवेलीला आणि पिंपरीला पूर्वीही सोपे नव्हते. ही पिकं माणसांनी सावली लावून, सरी भिजवून, पहाटे उठून जगवलेली आहेत. निसर्गावर सोडली असती तर या मुलखात ती केव्हाच राहिली नसती. आमचा मळा आता नाही. पण पिंपरी लावणारी माणसं अंजनगावात आणि पलीकडे अकोट भागात अजून आहेत. कधी त्या बाजूला गेलात तर त्यांच्या मळ्यात त्यांना विचारून जा, मोठ्यानं बोलू नका, वेलीला हात लावू नका. आणि पिंपरी लागणार असेल तर त्यांच्याकडूनच घ्या, भावात घासाघीस न करता.